हीमोफिलियातील संधिरक्तस्राव व भौतिकी चिकित्सा

हीमोफिलिया या आनुवंशिक विकारात रक्तक्लथनाचा आठवा किंवा नववा घटक अपुरा असतो. तीव्र प्रकारात मूल चालू लागल्यावर गुडघा, घोटा व कोपर यांत वारंवार रक्त साठते. त्यामुळे सांध्याचे अस्तर जाड होते, कूर्चा झिजते आणि सांधा आखडतो.

क्लथन घटक दुर्मिळ होते तोवर दुखरा अवयव दीर्घकाळ प्लास्टरमध्ये जखडून ठेवीत. वेदना शमे, परंतु स्नायू क्षीण होऊन सांधा अधिकच दुबळा होई. म्हणजे उपचारानेही पंगुत्वाला हातभारच लागे. ज्यूडिथ पूल यांनी १९६४ च्या सुमारास गोठविलेला रक्तद्रव सावकाश वितळवून आठव्या घटकाने समृद्ध असा साका वेगळा केला. साधी रक्तपेढीही तो तयार करू शके. त्यामुळे लवकर हालचाल सुरू करणे शक्य झाले.

घटक देऊन प्रथम विश्रांती, बर्फाचा शेक व काढता येणारी खपाची देतात. वेदना ओसरताच सांधा न हलविता स्नायू आवळण्याचे आणि नंतर मुलाने स्वतः करावयाचे व्यायाम येतात. जोराने ताणणे व मालिश वर्ज्य होय. घरगुती उपचारांत नेमकी हीच चूक होते. मुंबईत १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेल्या व केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत या विकाराचे निदान व संशोधन होते. हीमोफिलिया फेडरेशन (इंडिया) ही रुग्णांची संघटना १९८३ मध्ये स्थापन झाली.