डेमलो, हर्षद आणि स्वयंभू

१२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढायचं आणि पुन्हा एकापर्यंत उतरायचं. नऊ एक्के ओळीने मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग. सतरा अंक, दुकानातल्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर मावत नाहीत. मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर हातानेच गुणाकार केला.

अशा वर्गांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी 'डेमलो' म्हटलं. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या डोंबिवली स्टेशनचं हे जुनं नाव. कल्पना तिथे सुचली म्हणून संख्येला नाव स्टेशनचं! कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ साली पदवी. पुढचं शिक्षण नाही. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. त्यांचा १९४९ सालचा ६१७४ पुष्कळांना ठाऊक असतो, म्हणून त्यात शिरत नाही.

अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती त्यांची 'हर्षद' संख्या. आपल्या सतरा अंकांची बेरीज ८१. भागून पाहिलं: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे ही डेमलो हर्षदही आहे. हा मान सगळ्या डेमलोंना नाही. तिच्याच आधीच्या १२३४५६७८७६५४३२१ या संख्येच्या अंकांची बेरीज ६४, आणि विषम संख्येला ६४ने भाग जायचा कसा? एक्क्यापासूनच्या नऊ डेमलोंत १, १२३२१ आणि ही नववी, एवढ्या तीनच हर्षद निघतात.

तिसरी कसोटी मला जवळची. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा: २१ अधिक ३, झाले २४. म्हणजे २१ ही २४ची जननी. जिला अशी जननीच नाही ती 'स्वयंभू'. २०, ३१, ४२ अशा. तुळजापुरात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आई भवानीच्या मूर्तीला आम्ही स्वयंभूच मानतो. एवढी देखणी संख्या स्वयंभू असणारच, असं मी धरून चाललो होतो. पण ८१ वजा केले तेव्हा १२३४५६७८९८७६५४२४० उरले, आणि त्याही अंकांची बेरीज ८१च! जननी सापडली. खरं सांगायचं तर त्या रात्री थोडा हिरमुसलो.

हे गणित की करमणूक, असा प्रश्न कापरेकरांच्या वाट्याला सतत आला. आक्षेप अगदीच पोकळ नाही: दशमान पद्धत सोडून दुसऱ्या पद्धतीने आकडे लिहिले, की हीच संख्या हर्षद राहील याची हमी नसते. आमचे गुण संख्येचे कमी, तिच्या लिपीचे जास्त. तरीही कागद-पेन्सिलीवर, पुढची पदवी नसताना, कुणी बोलावलेलं नसताना एक माणूस हे पाहत बसला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले.

वही अजून गल्ल्यात आहे. नऊऐवजी दहा एक्के घेतले की मधे हातचा येतो आणि तो सुंदर उतार मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज पुन्हा ८२, आणि संख्या विषम. हर्षद नाही. जननी शोधतो आहे.