वाल्दोक्कोचे वाजंत्री

शाळेचा बँड म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सणाची मिरवणूक किंवा स्नेहसंमेलन उभे राहते. गणवेशातील मुले, चकाकणारी पितळी वाद्ये, तालात पडणारी पावले. ही सारी शोभेची बाब, असाच आपला समज असतो. परंतु सालेशियन शाळांतील बँडचा उगम पाहिला म्हणजे ध्यानात येते की, तो शोभेसाठी जन्मलाच नव्हता. ज्यांना कोणी वाली नव्हता, अशा कष्टकरी मुलांसाठी तो जन्मला.

इटलीतील तुरीन शहरात १८४१ साली तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को यांनी रस्त्यावरची मुले गोळा करण्यास आरंभ केला. गावे सोडून रोजगारासाठी आलेली ही पोरे. त्यांत गवंड्यांच्या हाताखाली राबणारा जुझेप्पे बुझेत्ती हा लहानगाही होता. १८४६ साली वाल्दोक्को येथे एका साध्या पडवीत या मुलांना हक्काचे छप्पर मिळाले. तेथील रात्रशाळेत अक्षरांबरोबर स्वरही शिकविले जात. संगीत एकेकट्यालाच शिकवावे, हा त्या काळचा रिवाज. डॉन बॉस्को मात्र वर्गातील साऱ्या मुलांना एकदम शिकवीत. ही पद्धत पाहण्यास शहरातील नामवंत संगीतशिक्षक येऊ लागले.

पुढे १८५३ पासून तेथे शिंपीकाम व चर्मकाम यांचे कारखाने उघडले आणि १८५५ च्या सुमारास वाद्यसंगीताचा वर्ग सुरू झाला. गायकवृंदात प्रामुख्याने विद्यार्थी असत; बँड मात्र मुख्यतः कारागीर मुलांचा होता. आमच्या मते त्याच्या वाढीचे मर्म येथेच आहे. दिवसभर टाके घालणाऱ्या मुलाच्या हाती संध्याकाळी वाद्य आले, आणि आपल्या श्रमाखेरीज आपल्याजवळ आणखी काही आहे, याची जाणीव त्याला झाली.

मात्र वाद्य हाती आले की अहंकारही येऊ शकतो. एका वर्षी संगीतकारांची आश्रयदात्री संत सेसिलिया हिच्या सणानिमित्त बँडमधील मुलांनी स्वतंत्र मेजवानी मागितली. नकार मिळाला, तरी ती बाहेर जाऊन जेवली. डॉन बॉस्कोंनी तो बँडच मोडला. बँडची देखरेख पाहणाऱ्या बुझेत्तींना त्यांनी सांगितले की, वाद्ये परत घ्या, दुसरी मुले निवडा आणि त्यांना शिकविण्यास लागा. तयार वादक गमावणे सोपे नव्हते. पण मुलांसाठी बँड आहे, बँडसाठी मुले नव्हेत, हा विचार त्यामागे होता. एकदा मोडूनही तो टिकला, याचे कारण हेच.

दर वर्षी शरद ऋतूत डॉन बॉस्को मुलांना घेऊन मोन्फेर्रातोच्या खेड्यांतून पायी फिरत. बँड वाजे, देवळात प्रार्थना होई, रात्री नाटक रंगे. १८६४ च्या ऑक्टोबरात ही मंडळी मोर्नेसे गावी पोहोचली. तेथे मारिया माझ्झारेल्लो या शेतकरी कन्येची डॉन बॉस्कोंशी पहिली भेट झाली. १८७२ साली त्या दोघांनी मिळून मुलींसाठी झटणारा भगिनीसंघ स्थापन केला.

१८७५ साली सालेशियन मिशनऱ्यांची पहिली तुकडी अर्जेंटिनाला निघाली. तिचे नेतृत्व केले वाल्दोक्कोतच लहानाचे मोठे झालेले संगीतकार धर्मगुरू जॉन काल्येरो यांनी. ते पुढे कार्डिनल झाले. १९०६ साली सालेशियन तंजावरला आणि १९२८ साली मुंबईत आले. संगीताचा हा वारसा त्यांच्यासोबत आपल्या देशातही आला.

बुझेत्ती धर्मगुरू झाले नाहीत. सालेशियन बंधू म्हणून त्यांनी वाल्दोक्कोची सेवा केली आणि १८९१ साली ते प्रभूघरी गेले. इतिहासात त्यांच्या नावे मोठे पद नाही. आपल्या धर्मग्रामात सणाला बँड येतो, आपण कौतुकाने ऐकतो आणि मानधन देऊन निरोप देतो. त्याच पैशांतून चार वाद्ये घेऊन, ज्यांच्या आईबापांना शिकवणीची फी परवडत नाही अशा मुलांच्या हाती ती दिली तर? पहिली काही वर्षे सूर बेसूर लागतील. ते ऐकून घेण्याची तयारी आपण मोठ्यांनी दाखवावी, एवढेच आमचे मागणे आहे.