दादरच्या शाळेंतील रंगभूमि

दादर स्टेशनच्या पश्चिमेस छबिलदास मुलांची शाळा आहे. तिच्या सभागृहांत सन १९७४ पासून १९९२ पर्यंत मराठी प्रायोगिक रंगभूमीचें बिऱ्हाड होतें, हें नव्या पिढीस फारसें ठाऊक नसावें.

अरविंद देशपांडे, त्यांच्या पत्नी सुलभाताई व अरुण काकडे हीं मंडळी 'रंगायन' संस्थेंतून बाहेर पडलीं व १९७१ मध्यें त्यांनीं 'आविष्कार' संस्था काढिली. नवीं नाटकें करण्याची हौस दांडगी, पण पदरीं पैसा नाहीं. मोठ्या नाट्यगृहाचें भाडें झेपावें कसें? सुलभाताई ह्याच शाळेंत शिक्षिका होत्या. अखेर शाळेचें सभागृह मिळालें. तेथें व्यावसायिक नाट्यगृहाचा थाट नव्हता; परंतु प्रेक्षक नटांच्या इतके निकट बसत कीं साधा निःश्वासहि ऐकूं येई. पुढें सत्यदेव दुबे, अमोल पालेकर इत्यादिकांनींहि तेथें प्रयोग केले, आणि लोक ह्या साऱ्यास 'छबिलदास चळवळ' म्हणूं लागले. शाळेचें नांव नाट्यचळवळीस पडावें, हें नवलच! मुलांसाठीं सुलभाताईंनीं 'चंद्रशाला' हा निराळा विभागहि चालविला.

१९९२ मध्यें ही जागा सुटली. उसन्या जागेचें असेंच असतें. चर्चच्या सभागृहांत नाताळचें नाटक बसविणाऱ्यांस हें सांगावयास नको. 'आविष्कार'नें माहीमच्या महानगरपालिकेच्या शाळेंत पुन्हा बिऱ्हाड मांडिलें. तें पाहावयास अरविंदराव उरले नव्हते. ते १९८७ मध्येंच निवर्तले होते. काकडे ह्यांनीं मात्र २०१९ मधील आपल्या निधनापर्यंत संस्थेचा भार वाहिला.