खाजनाचा बांध कोणी बांधायचा? गोव्यातील एका जुन्या व्यवस्थेचा इतिहास



नवीकरणीय संसाधने हा शब्द आता शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचला आहे. ऊन, वारा, पाऊस, वाहते पाणी, जंगल, मासळी. वापरली तरी निसर्ग ती पुन्हा भरून देतो, असा त्याचा अर्थ आपण धरतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. भरती दिवसातून दोनदा येते, तिला कोणी पैसे देत नाही. मात्र त्या भरतीचा उपयोग करून घेण्यासाठी जो बांध लागतो, तो आपोआप नवा होत नाही. तो दरवर्षी कोणीतरी बांधावा लागतो. हा 'कोणीतरी' कोण, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे आणि त्यासाठी मी गोव्याच्या खाजन जमिनींचा इतिहास निवडला आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. जुनाट आजाराचा रुग्ण आला की आम्ही आजच्या लक्षणांवर थांबत नाही. आजार पहिल्यांदा कधी जाणवला, त्याआधी काय बदलले होते, हे विचारत मागे जातो. खाजनाच्या बाबतीत मी तेच करणार आहे.

आधी खाजन म्हणजे काय ते पाहू. मांडवी आणि जुवारी या नद्या समुद्राला मिळतात त्या पट्ट्यात भरतीचे खारे पाणी नदीतून बरेच आत येते. काठची सखल जमीन मुळात खारफुटीची आणि चिखलाची. पूर्वजांनी तिथे माती, जांभा दगड आणि पेंढा वापरून बांध घातले आणि आतली जमीन शेतीखाली आणली. गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर मानली जाते. तिचा मोठा भाग तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या तालुक्यांत आहे. पणजीहून रायबंदरला जाणारा जो लांब रस्ता आहे, तो पोर्तुगीजांनी 1633-34 मध्ये याच दलदलीतून आणि मिठागरांतून बांधला.

बांधाला ठरावीक ठिकाणी लाकडी दारे असतात. त्याला आपल्याकडे मानस म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून चढू लागले की त्याच्याच दाबाने दार मिटते. ओहोटीला बाहेरची पातळी खाली जाते, आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि दार उघडून शेतातले जादा पाणी नदीत जाते. ना इंजीन, ना वीज. समुद्राची शक्ती समुद्रालाच अडवण्यासाठी वापरलेली. मानशीच्या आतल्या बाजूला पाणी साठण्यासाठी खोलगट तळे असते, त्याला पोंय म्हणतात.

पावसाळ्यात पावसाचे गोडे पाणी जमिनीतला क्षार धुऊन नेते आणि खारटपणा सोसणारे कोरगुट, आसगो असे भात तिथे पिकते. भात कापल्यावर मोजके खारे पाणी आत घेतले जाते आणि त्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंद्रे येतात. ओहोटीच्या वेळी मानशीला जाळे लावून मासळी धरतात. काही भागांत उन्हाळ्यात मीठ पिकते. मी जन्माने जैन, त्यामुळे या मासळीचा हिशेब मला ताटातून नव्हे, तर शेतकरी रुग्णांच्या बोलण्यातून कळला. हिशेब महत्त्वाचा आहे, कारण पुढची सगळी कथा त्यावरच उभी आहे.

ही व्यवस्था फार जुनी आहे. फोंडा तालुक्यातील बांदोडे येथे मिळालेल्या मौर्य राजा अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात 'खज्जन' जमिनीचा उल्लेख येतो. तो साधारण सहाव्या शतकातला मानतात. कोकणातल्या मौर्यांचा काळ, म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या जवळजवळ हजार वर्षे आधी, खारी जमीन बांध घालून लागवडीस आणण्याची रीत इथे माहीत होती.

बांध एकट्या कुटुंबाला राखता येत नाही. खेकड्याने पाडलेले बीळ वेळीच बुजवले नाही तर त्याचे भगदाड होते आणि एका भगदाडातून आलेले पाणी साऱ्या गावाचे शेत खारे करते. म्हणून जमीन गावकारीची, म्हणजे गावाच्या संस्थेची असे. शेते ठरावीक मुदतीने कसायला दिली जात आणि मानशीतली मासळी धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव होई. या उत्पन्नातून सरकारी देणे आणि बांध, मानस, देवस्थान यांचा खर्च भागवायचा आणि उरलेली रक्कम गावकारांत 'जोण' म्हणून वाटायची. क्रम नीट लक्षात घ्या. दुरुस्ती आधी, वाटणी नंतर. ज्याला जोण हवी, त्याला बांध शाबूत असणे गरजेचे होते.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली. 1526 मध्ये अफोन्सो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने गावकारींच्या चालीरीती लिहून काढल्या. तो दस्तऐवज 'फोराल' म्हणून प्रसिद्ध आहे. नव्या सत्तेला महसूल हवा होता आणि महसूल बांधावर अवलंबून होता, हे त्यामागचे साधे कारण. पुढे गावकारीला कोमुनिदाद हे नाव मिळाले, सरकारी देखरेख वाढली, नियमांच्या संहिता आल्या. शेवटची संहिता 1961 च्या एप्रिलमधली, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या आठ महिने आधीची.

मधल्या काळात एक धक्का बाहेरून बसला. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातील मीठ उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले. मुरगावची रेल्वे आणि बंदर हे त्या कराराचेच दुसरे अंग. करार 1892 मध्ये संपला, पण तोवर मिठागरांचे मोठे नुकसान झाले होते. समुद्र तोच, ऊन तेच. बिघडली ती माणसांनी केलेली व्यवस्था.

आता जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबलो तर ते अर्धसत्य होईल. गावकारीत हक्क होता तो गावकार घराण्यांतल्या पुरुषांना. बायकांना नव्हता. चिखलात उतरून बांध घालणाऱ्या कष्टकऱ्यांना मजुरी मिळे, जोण नव्हे. कूळ पिढ्यानपिढ्या कसत राही आणि जमीन दुसऱ्याची असे. म्हणून मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला आणि 1976 मधल्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचे मालक ठरले. कसेल त्याची जमीन हे तत्त्व न्याय्य होते आणि आहे. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण इथेच आजाराचे पहिले लक्षण दिसते. जमीन कुळांकडे गेली, तशी बांधाची जबाबदारी नव्याने स्थापन झालेल्या कूळ संघटनांवर आली. कोमुनिदादीला बांधात पहिल्यासारखा स्वार्थ राहिला नाही. संघटनांपाशी शतकांचा अनुभव नव्हता आणि अनेक ठिकाणी सभाही नीट होत नसत. त्याच सुमारास कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि मानशीच्या पावणीची बोली भाताच्या उत्पन्नापेक्षा वरचढ ठरू लागली. पावणी घेणाऱ्याचा फायदा जास्त खारे पाणी आत येण्यात, तर भात करणाऱ्याचा ते बाहेर राहण्यात. पूर्वी हे दोन्ही हिशेब एकाच वहीत होते. आता वह्या वेगळ्या झाल्या. मानशी अवेळी उघड्या राहू लागल्या, काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी झाल्या. खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी नदीकाठचे बांध झिजले, ते वेगळेच.

एकदा शेत दोन-चार वर्षे खाऱ्या पाण्याखाली राहिले की तिथे खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे. पण त्यामुळे ते शेत पुन्हा भाताखाली आणणे जवळजवळ अशक्य होते. मग पडीक म्हणून त्या जागेवर बांधकामाची नजर जाते. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांना खास संरक्षण दिले आणि त्यांचे नकाशे करण्यास सांगितले. कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग बांध दुरुस्तही करतो. परंतु बीळ सापडल्या दिवशी बुजवणे आणि भगदाड पडल्यावर अंदाजपत्रक, निविदा, मंजुरी या वाटेने जाणे, यात एक पावसाळा निघून जातो. समुद्राची पातळी वाढत असताना ही दिरंगाई आणखी महाग पडणार आहे.

या इतिहासाचा उपयोग फक्त गोव्याला नाही. आपल्या सीमाभागात आज विहिरीवर सौर पंप बसत आहेत. 2019 पासून केंद्राच्या कुसुम योजनेने त्यांना अनुदान मिळते. ऊन फुकट आहे, म्हणून पंप दिवसभर चालवायला खर्च नाही. पण विहिरीतले पाणी उन्हाइतके अमर्याद नाही आणि शेजाऱ्याची विहीर त्याच झऱ्यावर असते. तिथे मानस कुठली आणि ती राखणार कोण, हे यंत्र बसवताना कोणी विचारत नाही.

गावकारी परत आणता येणार नाही आणि तिच्यातली विषमता परत आणूही नये. तिच्यातले एक कलम मात्र उचलण्याजोगे आहे. मानशीच्या पावणीचा पहिला पैसा बांधाला, उरलेला वाटणीला. कूळ, मासेमार, मीठ पिकवणारा आणि बांधावर राबणारा मजूर, बाई असो वा पुरुष, सगळ्यांची नावे एका वहीत असावीत आणि ती वही गावाच्या सभेत दरवर्षी वाचली जावी. यासाठी लागणाऱ्या संघटना कागदावर आधीच आहेत. पुढच्या मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, आपापल्या गावच्या संघटनेची सभा झाली का आणि पावणीची रक्कम कुठे गेली, एवढे दोन प्रश्न आपण विचारावेत, अशी माझी विनंती आहे.