हुर्राक

हुर्राक (अन्य नाव: उर्राक) हे काजूच्या बोंडूंचा आंबवलेला रस एकदाच ऊर्ध्वपातित करून मिळवलेले हंगामी मद्य आहे. गोव्यात ते परवानाधारक भट्ट्यांमध्ये तयार होते. लगतच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही काजूच्या बागा विपुल असल्या, तरी महाराष्ट्रातील मद्यविषयक कायदा वेगळा असल्याने तेथे या मद्याची स्थिती भिन्न आहे.

नाव

'हुर्राक' हा शब्द मूळ अरबी 'अरक' या शब्दाशी संबंधित मानला जातो. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. त्यामुळे हे मद्य त्यानंतरच्या काळातील आहे.

निर्मिती

काजूचा हंगाम साधारणतः फेब्रुवारी ते मे असा असतो. झाडावरून आपोआप गळून पडलेले पिकलेले बोंडू गोळा करून त्यांची बी वेगळी काढतात. बोंडू खडकात कोरलेल्या किंवा बांधीव टाकीत पायांनी तुडवतात अथवा यंत्राने चिरडतात. उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवल्यावर निथळणारा स्वच्छ रस 'निरो' म्हणून ताजाच पितात. मुख्य रस सुमारे तीन दिवस आंबू देतात. यासाठी बाहेरून किण्व घालावे लागत नाही. आंबलेला रस भट्टीवर तापवून त्याची वाफ थंड केली की हुर्राक मिळते. हुर्राकात पुन्हा रस मिसळून दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केल्यास फेणी तयार होते. तीव्रता मोजण्यासाठी 'ग्राव' हे पारंपरिक परिमाण वापरतात. हुर्राक साधारणपणे १४ ते १६ ग्राव असते, तर फेणी त्याहून तीव्र असून तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४२.८ टक्के असते.

चव आणि सेवन

हुर्राक रंगहीन असून त्याला पिकलेल्या बोंडूचा ठळक वास येतो. चव फळासारखी, किंचित तुरट आणि फेणीपेक्षा सौम्य असते. ते फार काळ साठवण्याची पद्धत नाही. त्याच हंगामात ते संपवले जाते. थंड लिंबूपेय किंवा सोडा, लिंबाची फोड, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून ते पिण्याची पद्धत रूढ आहे. मिरचीचा तिखटपणा व मिठाचा खारटपणा यांमुळे बोंडूचा तुरटपणा कमी जाणवतो. सौम्य चवीमुळे मद्याची मात्रा लक्षात येत नाही आणि अतिसेवन होऊ शकते. मसाल्यांचा वापर फेणीतही होतो. आले, जिरे यांसारखे पदार्थ घालून मसाला फेणी, तर अनंतमूळ भिजवून 'दुकशिरी' तयार करतात.

सिंधुदुर्गातील स्थिती

सावंतवाडी, दोडामार्ग व वेंगुर्ले तालुक्यांत काजू हे प्रमुख नगदी पीक आहे. वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काजूच्या अनेक सुधारित जाती विकसित केल्या असून 'वेंगुर्ला काजू'ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र शेतकऱ्याचे उत्पन्न मुख्यतः बीवर अवलंबून असते. बोंडूचे वजन बीच्या कित्येक पट असते आणि त्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर असते, तरीही तोडल्यानंतर तो दिवसभरात खराब होऊ लागतो. त्यामुळे बहुतांश बोंडू बागेतच कुजतात. सीमेलगतच्या गावांतून काही बोंडू गोव्यातील भट्ट्यांकडे जातात.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य गाळणे गुन्हा आहे. याउलट गोव्यात काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्य शासनाने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. हे मानांकन गोव्यापुरतेच असल्याने सिंधुदुर्गात गाळलेले मद्य 'गोवा फेणी' या नावाने विकता येत नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजूबोंडू, मोहफुले इत्यादींपासून बनणाऱ्या मद्याचा समावेश 'देशी'ऐवजी 'विदेशी मद्य' या वर्गात करण्याचा निर्णय घेतला. बोंडूंपासून सरबत, सिरप व जॅम बनवणे हा मद्येतर पर्याय आहे. त्यासाठी रसातील टॅनिन काढून तुरटपणा घालवावा लागतो.

हेही पहा

काजू, फेणी, कोकम, वेंगुर्ले