दिनविशेष : २२ एप्रिल – भाषावैज्ञानिक अशोक रा. केळकर

कागल पंचतारांकित एमआयडीसी : मराठीच्या रचनेचा सिद्धान्ताच्या पातळीवर विचार करणारे डॉ. अशोक रामचंद्र केळकर यांचा जन्म २२ एप्रिल १९२९ रोजी पुण्यात झाला. १९५८ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. मिळवली, प्रबंधाचा विषय होता मराठीची स्वनिमव्यवस्था, म्हणजे अर्थभेद करणाऱ्या ध्वनींची मांडणी, आणि रूपव्यवस्था, म्हणजे शब्दांच्या घडणीचे नियम. उदाहरणार्थ, 'जग' हे एकच लेखन दुनिया या अर्थी तालव्य आणि 'जगणे'चे आज्ञार्थी रूप म्हणून दंत्य 'ज'ने उच्चारले जाते. लिपी झाकते तो हा भेद अशा वर्णनातूनच उघड होतो.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करताना हिंदी-उर्दूच्या शब्दस्तरीय ध्वनिव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजीत जागतिक पातळीवर लिहिणाऱ्या या विद्वानाने 'वैखरी', 'मध्यमा' यांसारखे ग्रंथ मराठीत सिद्ध केले, हे त्यांच्या कार्याचे सर्वांत मोलाचे अंग होय. मराठी-कानडी सीमेलगतच्या या कागल औद्योगिक वसाहतीच्या परिसराला तर भाषाविज्ञान विशेष जवळचे ठरावे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावी मराठी, कानडी आणि उर्दू यांची वाक्यरचना एकमेकींजवळ कशी सरकली, हे गंपर्झ व विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये दाखवले होते.

केळकरांना २००२ मध्ये पद्मश्री आणि 'रुजुवात' या समीक्षाग्रंथासाठी २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २० सप्टेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.