भागीदार विमानसेवांवरील गुण-वापर

एका विमानकंपनीच्या फ्रिक्वेंट फ्लायर योजनेत साठलेले गुण (पॉइंट किंवा माइल) तिच्या भागीदार कंपनीच्या तिकिटासाठी खर्च करणे, यास भागीदार विमानसेवांवरील गुण-वापर म्हणतात. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) व स्कायटीम (२०००) या संघांमुळे ही सोय विस्तारली. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्समध्ये सामील झाली. त्यामुळे तिच्या 'महाराजा क्लब'च्या (पूर्वीचे 'फ्लाइंग रिटर्न्स') गुणांवर लुफ्तान्साचेही तिकीट काढता येते.

तिकिटासाठी किती गुण लागतील, हे विमान चालवणारी कंपनी नव्हे, तर ज्या योजनेतून गुण वजा होतात ती योजना ठरवते. काही योजना अंतरावरून आकारणी करतात, काही प्रदेशांच्या जोड्यांवरून. परिणामी मुंबई-फ्रांकफुर्ट विमानातील शेजारच्या दोन आसनांसाठी वेगवेगळे गुण लागू शकतात. काही योजना इंधन अधिभार रोख घेतात. तेव्हा कमी गुणांचे तिकीटही महाग पडते. गुणाचे मोल काढताना रोख भाड्यातून ही रोख रक्कम वजा करून बाकीला गुणसंख्येने भागतात : भाडे ४२,००० रुपये, रोख भरणा ६,००० रुपये व गुण ४५,००० असल्यास एका गुणाचे मोल ८० पैसे.

भागीदारांसाठी खुल्या जागा मोजक्याच असतात. बँक कार्डावरील गुण विमानयोजनेत वळवल्यावर सहसा परत मिळत नाहीत. म्हणून जागा आधी पाहणे इष्ट.

गुणांचे दर योजना एकतर्फी बदलू शकते, त्यामुळे दीर्घकाळची साठवणूक बहुधा तोट्याची ठरते. जेट एअरवेजची उड्डाणे एप्रिल २०१९ मध्ये थांबली. 'जेटप्रिव्हिलेज' स्वतंत्र कंपनीकडे असल्याने टिकली व त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' झाली.